२१ जून: दिवस मोठा, सण कुठाय?

संक्रांतीला आपण काय काय करतो! तिळगूळ, पतंग, काळी साडी, हळदीकुंकू, हलव्याचे दागिने. सूर्य उत्तरेकडे निघाला म्हणून एवढा थाट. खरं तर तो बिचारा २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो. आपण तीन आठवड्यांहून जास्त उशिरा त्याचं कौतुक करतो. बरं, तोच सूर्य उत्तरेचा मुक्काम आटोपून २१ जूनच्या सुमाराला माघारी फिरतो, तेव्हा? तेव्हा काही नाही. पंचांगात बारीक अक्षरात दक्षिणायन सुरू झाल्याची नोंद आणि विषय संपला.

आपली बाजूही अगदीच लंगडी नाही. दक्षिणायन म्हणजे देवांची रात्र. भीष्मांनी शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहिली, तिथे आपण दक्षिणायनाचे लाडू कुठे वळणार? शिवाय ऐन पेरणीचे दिवस, आणि उत्सवमूर्ती स्वतःच ढगाआड. पण बाकीचं जग या तीन-चार दिवसांत शेकोटीवरून उड्या मारतं, फुलं माळतं, एकमेकांच्या डोक्यात हातोडे घालतं. त्यातलं आपल्या घरी, गच्चीवर, गॅलरीत काय जमेल तेवढं इथे उचललं आहे. खर्च शून्य ते दोनशे रुपये.

सावली दक्षिणेला पडते, बघितलंय कधी?

हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, म्हणून याला जागा जास्त. एक मीटरची सरळ काठी घ्या. पडद्याचा दांडा चालेल. ओळंबा लावून गच्चीवर ताठ उभी करा. मुंबईत २१ जूनला सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण १२ वाजून ४० मिनिटांनी. त्या वेळी काठीची सावली जेमतेम साडेसात सेंटिमीटर असते आणि ती पडते दक्षिणेकडे. एरवी वर्षातला बराच काळ आपली माध्यान्हीची सावली उत्तरेला असते. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईकराच्या दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. चाळीस-पन्नास वर्षं मुंबईत काढलेल्या माणसाला हे सांगा, तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग होकायंत्र मागेल.

पुण्यात सावली साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास. नागपूरला अवघी चार, आणि तीही लवकर, सव्वाबाराच्या सुमारास. कोल्हापूरला चांगली बारा. उज्जैनला मात्र अर्धा सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, कारण कर्कवृत्त तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सवाई जयसिंगांनी बांधलेल्या तिथल्या वेधशाळेत या दिवशी सावली गायब होताना बघायला लोक जमतात. ही वेधशाळा मोडकळीला आली होती. शिंदे सरकारांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला, त्यामागे खटपट होती ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांची. पुढे ते तिचे अधीक्षकही झाले.

आता याच काठीतून पृथ्वी मोजा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने हेच केलं. इजिप्तमधल्या सायीनीला, म्हणजे आजच्या अस्वानला, या दुपारी सूर्य थेट विहिरीत डोकावतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांमधल्या अंतराला पन्नासने गुणलं, झाला पृथ्वीचा घेर. तुमच्याकडे नागपूरची मावशी आणि कोल्हापूरचा आतेभाऊ आहे ना? दोघांनी आपापल्या माध्यान्हीला सावली मोजायची, कागदावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढून कोनमापक लावायचा. दोन्ही कोनांत सुमारे साडेचार अंशांचा फरक येईल, म्हणजे वर्तुळाचा साधारण ८१ वा भाग. दोन शहरांतलं सरळ दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४९५ किलोमीटर. गुणाकार करा: चाळीस हजारांच्या जरा वर. खरा घेरही चाळीस हजारच. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपचा इतका सदुपयोग क्वचितच होतो.

आणि ढग आले तर? येणारच. घाबरू नका, या दिवसांत सूर्याची माध्यान्हीची उंची बदलता बदलत नाही. २१ ऐवजी २५ तारखेला ऊन पडलं तरी काठीच्या सावलीत जेमतेम एका मिलिमीटरचा फरक. एवढी सवलत दुसरा कुठला मुहूर्त देतो?

जरा फसवाफसवी

सर्वांत मोठा दिवस म्हणजे सूर्य सगळ्यात लवकर उगवणार आणि सगळ्यात उशिरा मावळणार, असं वाटतं. नाही. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. २१ जूनला फक्त बेरीज सगळ्यात मोठी: मुंबईत सव्वातेरा तास, लंडनला साडेसोळाच्या वर, स्टॉकहोमला साडेअठरा.

पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून उन्हाळा होतो, असं अजूनही सांगणारे भेटतात. त्यांना जुलैच्या सुरुवातीची तारीख दाखवा. तेव्हा आपण सूर्यापासून वर्षातले सर्वांत लांब असतो, १५.२ कोटी किलोमीटर. आणि कर्कवृत्तही जागेवर बसत नाही; पृथ्वीचा कल सावकाश कमी होतोय, त्यामुळे ते दरवर्षी सुमारे १५ मीटर दक्षिणेला सरकतं. भोपाळ-विदिशा रस्त्यावर त्याची खूण आहे, येणारे-जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात.

सात फुलं, तोंडातून शब्द नाही

स्वीडनमध्ये हा दिवस नाताळाच्या तोडीचा. मिडसमरची संध्याकाळ आता कायम १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी असते. सुट्टीचं गणित सगळीकडे सारखंच. त्या रात्री लग्नाळू मुलीने सात प्रकारची फुलं गोळा करायची, सात कुंपणं ओलांडायची आणि या सगळ्यात एक अक्षर बोलायचं नाही. फुलं उशीखाली ठेवून झोपलं की होणारा नवरा स्वप्नात येतो. आपल्याकडे सात फुलं मिळवणं सोपं आहे: जास्वंद, तगर, सदाफुली, गोकर्ण, अनंत, कण्हेर आणि नशीब असेल तर शेवटचा मोगरा. अवघड आहे ते न बोलणं. सोसायटीच्या बागेतून सकाळी फुलं तोडताना वॉचमनने हटकल्यावर गप्प राहणारी व्यक्ती मला अजून भेटायची आहे.

याच स्वीडिश लोकांचा दुसरा खेळ म्हणजे फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती बेडकासारख्या उड्या मारत नाचणं. पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे. बेडकांना कान नाहीत, शेपूट नाही, असं काहीतरी ते गाणं सांगतं. हसू नका. साधारण २१-२२ जूनलाच आपल्याकडे सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो आणि गावोगाव पंचांग उघडून ‘आर्द्राचं वाहन काय?’ हे बघितलं जातं. बेडूक किंवा म्हैस निघाली की चेहरे खुलतात. बेडकावर भिस्त ठेवण्याच्या बाबतीत आपण स्वीडनच्या पुढेच आहोत.

लाटव्हियात २३ जूनच्या रात्री बायका फुलांचे आणि पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, जिऱ्यासारखं दिसणारं शहाजिरं घातलेलं चीज खातात आणि जोडपी जंगलात नेच्याचं फूल शोधायला जातात. नेच्याला फूल येत नाही, ही वनस्पती बीजाणूंवर वाढते. हे तिथे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. शोध तरी चालूच.

विहिरीत उडी

फार लांब जायची गरज नाही, गोव्यात जा. २४ जूनला तिथे सांजाव. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा, कधी फळंही गुंफलेला मुकुट, घुमटाचा ठेका, आणि ‘व्हिवा सांजाव’ म्हणत पावसाने भरलेल्या विहिरीत धपाधप उड्या. नव्या जावयाचा या दिवशी खास मान असतो, सासुरवाडीला जेवण आणि मग विहीर. आपल्याकडे अधिकमासात जावयाला चांदीचं भांडं देतात; गोव्यात त्याला पाण्यात ढकलतात. कुठली पद्धत जास्त प्रामाणिक, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवोलीला नदीवर सजवलेल्या होड्यांची, सांगोडांची, मिरवणूक निघते.

उडी का? बायबलातली गोष्ट अशी की गर्भार मेरी आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला गेली, तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली. तेच बाळ म्हणजे संत जॉन, गोव्याचा सांजाव. आणि तारीख २४ का? रोमन लोक मोठा दिवस २४ जूनला आणि लहान दिवस २५ डिसेंबरला मानायचे. दोन्ही तारखा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून उलट्या मोजलेल्या, आठव्या दिवशी. जून तीस दिवसांचा आणि डिसेंबर एकतीसचा, म्हणून एका आकड्याचा फरक. एकीवर येशूचा जन्म बसला, दुसरीवर जॉनचा.

फ्लॅटवाल्यांनी काय करावं? स्पेनच्या गॅलिसियात २३ जूनच्या रात्री एका भांड्यात पाणी घेऊन त्यात रोझमेरी, बडीशेपेची पानं, गुलाबपाकळ्या टाकतात, ते उघड्यावर ठेवतात आणि सकाळी त्या पाण्याने तोंड धुतात. आपण तुळस, पुदिना, गवती चहा घालू. भांडं गॅलरीत ठेवलं की उरलेलं पाणी पाऊसच भरेल. फक्त सकाळी ते आठवणीने ओता, नाहीतर पुढचा विधी डासांचा. आइसलँडच्या लोककथेतली सूचना याहून धाडसी: त्या रात्री दवाने भिजलेल्या गवतात अंगावर एकही कपडा न ठेवता लोळा, आरोग्य सुधारतं. तिथे त्या रात्री गाई माणसासारखं बोलतात असंही म्हणतात. मी गाईंशी बोलण्यापर्यंत तयार आहे.

पोर्तुगालच्या पोर्तोमध्ये २३ जूनच्या रात्री रस्त्यावर जो दिसेल त्याच्या डोक्यात प्लॅस्टिकचा हातोडा मारायची रीत आहे. कुणी रागावत नाही. घरोघर सब्जाच्या, म्हणजे आपल्या तुळशीच्याच गोतातल्या, बारीक पानांच्या रोपाची कुंडी आणतात. तिला नाक लावायचं नाही, रोप मरतं म्हणे. तळहात हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुगंधी विधी हाच.

भराभर काही

फ्रान्सने १९८२ मध्ये २१ जूनला रस्त्यारस्त्यावर गाण्याचा उत्सव सुरू केला, तोच आजचा जागतिक संगीत दिन. म्हणजे बेसूर गाण्याला या दिवशी आंतरराष्ट्रीय परवाना आहे.

अलास्काच्या फेअरबँक्समध्ये १९०६ पासून या दिवशी रात्री दहा-साडेदहाच्या सुमाराला बेसबॉलचा सामना सुरू होतो आणि मध्यरात्र उलटली तरी दिवे लावत नाहीत.

जपानमध्ये २००३ पासून अनेक लोक या रात्री आठ ते दहा दिवे मालवून मेणबत्ती लावतात. महावितरणच्या कृपेने आपल्याकडे हे जूनमध्ये आपोआपही घडतं.

२१ जूनच्या योग दिनाचा ठराव संयुक्त राष्ट्रांत २०१४ च्या डिसेंबरात झाला. या दिवशी जगभरच्या योगवर्गांत १०८ सूर्यनमस्कार घालतात, तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवावेत. सूर्यनमस्कारांचा प्रचार करण्यात त्यांनी हयात घालवली.

अंटार्क्टिकात सगळंच उलटं. भारताच्या मैत्री आणि भारती या तळांवर त्या वेळी सुमारे दोन महिन्यांची रात्र चालू असते आणि २१ जून हा रात्रीचा मध्य. त्या खंडावरचा हा सर्वांत मोठा सण: मेजवानी, तळातळांमध्ये शुभेच्छापत्रं, काही ठिकाणी बर्फात भोक पाडून त्यात बुडी.

आणि खायचं काय?

उत्तर चीनमध्ये या दिवशी नूडल्स. जपानच्या कान्साई भागात, मोठ्या दिवसानंतर अकराव्या दिवशी, ऑक्टोपस: त्याचे पाय जसे चिकटून बसतात तशी भाताच्या रोपांची मुळं जमिनीला धरून बसोत म्हणून. लावणी करणाऱ्या कोकणी माणसाला हा तर्क लगेच पटेल, पदार्थ पटेलच असं नाही.

आपण मात्र सरकारची मदत घेऊ. मेघनाद साहांच्या समितीने आखलेली आणि १९५७ मध्ये स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सूर्यावर चालते. तिच्यात आषाढाचा पहिला दिवस कायम २२ जून, म्हणजे मोठ्या दिवसाचा दुसरा दिवस. आणि आषाढ म्हटलं की मराठी घरात तळण. तेव्हा कणकेत थोडं बेसन, कडकडीत तेलाचं मोहन आणि वेलची घाला, गाळलेल्या गुळाच्या पाण्यात घट्ट भिजवा. पोळी जराशी जाड लाटून वर खसखस पसरा, पुन्हा एकदा हलकं लाटणं फिरवा म्हणजे ती तेलात सुटणार नाही. शंकरपाळ्यापेक्षा मोठे चौकोन तिरके कापा आणि मंद आचेवर तळा. घाई केली तर बाहेरून काळ्या, आत कच्च्या. झाल्या कापण्या. चांद्र आषाढ अजून आला नाही म्हणून सासूबाईंनी हरकत घेतलीच, तर त्यांना भारताचं राजपत्र दाखवा.