चाकणमध्ये उणे ४०!

भर मे महिना, मशीन उन्हात तापलेलं आणि स्क्रीनवर इंजिनचं तापमान मात्र उणे ४०. बांधकामाचं जुनं मशीन बघायला आलेला गिऱ्हाईक चक्रावतो. जाणता मिस्त्री हसतो आणि कूलंट सेन्सरचा कपलर शोधायला लागतो. हा सेन्सर गारठला की त्याचा रोध वाढतो, तापला की घटतो. तार तुटली की रोध अमर्याद, म्हणून ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं बाहेर सैबेरिया आहे. (स्कॅनर सेल्सिअसवर आहे की फॅरनहाइटवर, याची चिंता नको. उणे ४० दोन्हीकडे उणे ४०च.)

आता खरी गंमत. कपलर काढायचा आणि वायरिंगकडच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या. आकडा उणे ४० वरून थेट दुसऱ्या टोकाला, शंभरच्या वर उडाला, तर वायर आणि ईसीएम ठणठणीत, सेन्सर मेलाय. ढिम्म हलला नाही, तर नव्या सेन्सरचे पैसे वाचले, वायर शोधा. फक्त हा खेळ दोन तारांच्या तापमान सेन्सरवरच. तीन तारांच्या प्रेशर सेन्सरवर केलात तर बिल वाढेल.

चाकण-तळेगावच्या पट्ट्यात हे ज्ञान आता रोज लागतं. तळेगावला जेसीबीचा कारखाना, चाकणला ह्युंदाई आणि सॅनी यांचे. नवी मशीन इथूनच बाहेर पडतात आणि जुनी मोशी-भोसरीकडे दुरुस्तीला येतात. १ एप्रिल २०२१ पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे सीईव्ही-४ निकष लागले. त्याआधीच्या बऱ्याच मशीनांत साधा डिझेल पंप होता. मिस्त्री कान लावून दोष सांगायचा. आता सेकंडहँड बाजारातही ईसीएमवाली मशीन उभी आहेत आणि कानाला मल्टीमीटरची जोड लागते.

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषाच्या कोडचे दोन आकडे असतात: एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो कुठे दुखतंय, दुसरा सांगतो कसं. एसपीएन १०० म्हणजे ऑइल प्रेशर, ११० म्हणजे कूलंटचं तापमान. पुढे एफएमआय ३ आला तर व्होल्टेज जास्त, ४ आला तर कमी, ५ आला तर बहुधा सर्किट तुटलेलं. म्हणजे १००/४ ही तारेची तक्रार. पण १००/१ ही इंजिनची तक्रार: प्रेशर खरोखरच पडलंय. तेव्हा इंजिन आधी बंद, चहा नंतर. मग ऑइलची पातळी बघून साधा काट्याचा गेज लावायचा आणि सेन्सर खरं बोलतोय का ते ताडून पाहायचं. भीती एकच वाटते: पहिला आकडा वाचून सेन्सर मागवणारे लोक दुसरा आकडा वाचतच नाहीत.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले? एवढे एका दिवशी मरत नाहीत. मशीनची बॅटरी १२ व्होल्टची असो वा २४ची, अनेक सेन्सर ५ व्होल्टच्या सामायिक पुरवठ्यावर चालतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचा पुरवठा बसतो. एकेक कपलर काढत जा. ज्याच्यानंतर बाकीचे जिवंत होतील तोच चोर.

ईसीएम, स्क्रीन आणि स्कॅनर यांच्या गप्पा ज्या कॅन तारांवरून चालतात, ती पद्धत बॉशने १९८६ मध्ये डेट्रॉइटला जगापुढे मांडली. पीळ दिलेल्या दोन तारा, दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक. बॅटरी काढून मोजलं की ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा रोधक गायब किंवा मधे तार तुटलेली.

आणखी एक परीक्षा: चावी चालू, इंजिन बंद. बूस्ट सेन्सर आता नुसता हवेचा दाब दाखवणार. मुंबईत तो साधारण १०१ किलोपास्कल. पिंपरी-चिंचवड साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ९५ च्या आसपास. इथल्या यार्डात १०१ वर चिकटून बसलेला आकडा संशयास्पद. (काही स्कॅनर बाहेरच्या हवेचा दाबच शून्य धरून मोजतात, तो भाग वेगळा.)

बाकी गुन्हेगार नेहमीचेच: वायर कुरतडणारे उंदीर, कपलरवर थेट मारलेलं प्रेशरचं पाणी, आणि बॅटरी न काढता बकेटला मारलेलं वेल्डिंग, ज्याने ईसीएमच उडू शकतो.

खरेदीच्या दिवशी स्क्रीन अगदी स्वच्छ दिसली तर खूश होऊ नका. सकाळीच स्कॅनर लावून कोड पुसता येतात. म्हणून मशीन गरम होईपर्यंत चालवायचं, लोड द्यायचा आणि पुन्हा स्कॅनर लावायचा. जमल्यास ईसीएममधले इंजिनचे तासही काढायचे. समजा डॅशबोर्ड ४,००० म्हणतोय आणि ईसीएम ९,०००, तर मीटर कधी बदलला ते मालकाला विचारायचं, आणि भावाचं बोलणं तिथून सुरू करायचं.