आम्ही अठराजण आणि दक्षिणेचे ऊन

सहलीला निघावे तर एकट्याने, फार तर दुकट्याने. अठराजणांनी मिळून कधी निघू नये, असे माझे स्पष्ट मत होते. अठरा माणसे म्हणजे अठरा डबे, छत्तीस पिशव्या आणि चहा किती कडक असावा याविषयी अठरा मते! ते मत मी आता मागे घेतले आहे. का घेतले, त्याचीच ही हकीकत.

आमची चिखली पिंपरी-चिंचवडच्या कडेला, इंद्रायणीच्या काठी. जुनी माणसे तिला टाळगाव चिखली म्हणतात. देहू जवळ, आळंदीही जवळ. एके काळच्या शेतांत आता कारखाने आणि उंच इमारती उभ्या आहेत. आमच्या सोसायटीत बहुतेक सगळे निवृत्त कामगार. कुणी साताऱ्याहून आलेले, कुणी लातूरहून, कुणी जळगावहून. उभा जन्म पाळ्यांमध्ये गेला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी! सुट्टी मिळाली की गावी जायचे, यापलीकडे प्रवास ठाऊक नाही. अशी मंडळी एका दिवाळीत फराळाला जमली असताना कुणीसे म्हणाले, "रामेश्वर राहिले बुवा!" आणि तेवढ्यावर दक्षिणेची सहल ठरली.

ठरवणे सोपे, तिकिटे काढणे कठीण. आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे; नोव्हेंबर २०२४ पासून ते साठ दिवसांवर आले. एका तिकिटावर नावे सहाच बसतात. ज्येष्ठांची भाडेसवलत तर मार्च २०२० मध्येच थांबली, तेव्हा तिच्या भरवशावर कुणी राहू नये. आम्ही एक हिशेबवही घातली, एकाला खजिनदार नेमले आणि तीन तिकिटांवर अठरा नावे बसवली.

अठरावे नाव आले तेव्हा मात्र मंडळी जरा गप्प झाली. ते होते आजींचे. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखरे. मूळच्या चिखलीच्याच. पंढरीच्या वाऱ्या पुष्कळ झालेल्या, पण पंढरपूरपलीकडचा मुलूख कधी पाहिलेला नाही. घरोघर दूध घालून साठवलेले पैसे त्यांनी रुमालाच्या गाठीतून सोडून खजिनदारांपुढे ठेवले. नाही कोण म्हणणार? पण 'यांना सांभाळायचे कुणी?' हा प्रश्न सतराही चेहऱ्यांवर होता.

संक्रांत उरकली आणि आकुर्डीहून लोकलने पुणे गाठून आम्ही चेन्नईच्या गाडीत बसलो. जवळजवळ अकराशे किलोमीटरचा पल्ला. दौंड, सोलापूर मागे पडले, वाडी आली. शेजारच्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षकांनी खिडकीतून बोट दाखवत सांगितले, "आपली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे आपल्या गावचे पाणी आणि आपली गाडी, दोघांची वाट इथवर एकच!" कृष्णेचे पात्र आले तसे आजींनी हात जोडले. पुढे रेणिगुंट्याच्या सुमारास स्वेटर उतरले, मफलर पिशवीत गेले. चिखलीच्या पौषातल्या थंडीतून आम्ही भर उन्हात येऊन पडलो होतो.

चेन्नईला गाडी बदलायची होती. एग्मोर स्थानकाच्या जिन्यावर आजी तीनदा बसल्या. तंजावरची गाडी सुटायला चार मिनिटे उरली असताना आम्ही धापा टाकीत डब्यात शिरलो. रात्री वरच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. 'उद्यापासून यांना मुक्कामावरच ठेवावे', 'एकीपायी सगळ्यांची सहल बुडायची'. खोटे कशाला सांगू, त्यांत सर्वांत मोठा आवाज माझा होता. खालच्या बाकावर आजी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. निजल्या होत्या असे आम्ही धरून चाललो.

सकाळी तंजावरच्या मोठ्या देवळाच्या दारात त्या आपणहून म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं. मी बसते सावलीला. वारीत कुणाला मागं टाकीत न्हाईत, पर ही काय वारी न्हवं." यावर कुणाला उत्तर सुचले नाही. आम्ही पुढे गेलो.

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेले हे बृहदीश्वराचे देऊळ. शिखर दोनशे फुटांहून उंच. त्या उन्हात दगड मधासारखा दिसत होता. आम्ही नंदी पाहिला, छायाचित्रे काढली, माना दुखेपर्यंत शिखराकडे पाहिले. तासाभराने आजींना शोधू लागलो तर त्या जागेवर नाहीत! अठरांतला एक कमी झाला की काय होते, ते तेव्हा कळले. माझ्या पोटात गोळाच आला. धावत मागच्या बाजूला गेलो, तो आवारातल्या ओवरीतल्या भिंतीशी, नाक दगडाला लागेल अशा उभ्या राहून, आजी बोटाने काहीतरी लावीत होत्या.

"आरं, हितं आपलं लिवलंय की!"

खरेच, भिंतभर देवनागरी अक्षरे कोरलेली! आणि भाषा मराठी. आम्हाला ती जुन्या वळणाची अक्षरे लागेनात. पण आजींची उमर पोथ्या वाचण्यात गेलेली. त्या एकेक शब्द सुटा करीत होत्या आणि आम्ही सतराजण मागे शाळेतल्या पोरांसारखे उभे होतो. भोसले कुळाचा हा इतिहास दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली कोरला गेला. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. ते राज्य १८५५ पर्यंत टिकले. सरफोजींनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे, त्यात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. मराठी बोलणारी घराणी तंजावरात अजून नांदतात. आमच्या कार्यक्रमात देवळाला दीड तास होता आणि ही भिंत नव्हतीच. आजी थकून बसल्या नसत्या, तर आम्ही ती न पाहताच परतलो असतो.

त्या दिवशी जेवताना मी आजींच्या शेजारी बसलो. काय बोलावे ते कळेना. शेवटी त्यांच्या केळीच्या पानावर पापड वाढला. "पोदुम," आजी म्हणाल्या. पुरे! हा तमिळ शब्द त्यांनी सांबार वाढणाऱ्याकडून आमच्याआधी उचलला होता.

तंजावरहून रामेश्वर. समुद्रावरचा पांबनचा जुना पूल १९१४ चा. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली, उतारूंसकट एक गाडी वाहून गेली आणि पूलही मोडला. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. पुढे आपली कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच! डिसेंबर २०२२ मध्ये जुन्या पुलावरून गाड्या थांबल्या आणि ६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल सुरू झाला. जहाजांसाठी त्याचा मधला गाळा सरळ वर उचलला जातो. दोन्हीकडे निळे पाणी आणि मधून आमची गाडी. अठराजणांत कुणी बोलत नव्हते. रामेश्वराच्या देवळात बावीस तीर्थांचे स्नान असते. ओल्या फरशीवर आजींचा एक हात माझ्या हातात होता, दुसरा खजिनदारांच्या. बाविसावे तीर्थ होईपर्यंत दुपार झाली. कुणी घड्याळ पाहिले नाही.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक पाहिले. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांच्या खटपटीने १९७० साली ते पुरे झाले, म्हणजे इथेही आपला माणूस पोचला होताच. होडीच्या रांगेत आमच्या अठरांची चाल आजींच्या चालीने होती. सूर्योदय अर्धा चुकला. जेवढा मिळाला तेवढा सर्वांनी मिळून पाहिला.

परतीच्या गाडीत दोन रात्री आणि भाकरीची आठवण. चिखलीत उतरल्यावर हिशेब झाला. वहीत माणशी काही रुपये शिल्लक निघाले. खजिनदार ते वाटू लागले तेव्हा आजींनी आपले पैसे घेतले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या वहीत. फुडल्या साली कुटं जायचं?"

अजून ठरलेले नाही. पण वहीच्या नव्या पानावर खजिनदारांनी पहिली ओळ लिहून ठेवली आहे : 'आजी – खालचा बाक'.