‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’ नसतो

समजा, तोंडवलीचा एखादा मच्छीमार बोटीवर गंभीर जखमी झाला आणि त्याला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणले. काचपट्टीवरच्या तपासणीत रक्तगट ‘ओ’ आला. बहुतेकदा तो बरोबर असतो. पण क्वचित एखाद्या रुग्णाला ‘ओ’ची एकही पिशवी जुळत नाही. असा रुग्ण ‘बॉम्बे’ रक्तगटाचा असू शकतो.

मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये हा गट प्रथम नोंदवला. नाव मुंबईचे असले, तरी पुढे सापडलेल्या अनेकांचे मूळ गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात निघाले. भारतात साधारण दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एक असे याचे प्रमाण सांगतात.

याचे कारण म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल. ए, बी, ओ या सर्व गटांच्या लाल पेशींवर ‘एच’ नावाचा साखरेचा पाया असतो. तो घालणाऱ्या जनुकातले एक अक्षर बहुतेक भारतीय ‘बॉम्बे’ व्यक्तींमध्ये बदललेले असते. शेजारचे जुळे जनुक तर गळूनच गेलेले असते. पाया नाही, म्हणून शरीराला ‘एच’ परका वाटतो. ‘ओ’च्या पेशींवर ‘एच’ सर्वाधिक. ते रक्त चढवले तर पेशी फुटून रुग्ण दगावू शकतो.

मग हा बिघाडच म्हणायचा का? रक्ताची गरज पडेपर्यंत या माणसाचे काही अडत नाही. तो मासेमारी करतो, संसार करतो. उलट ते गळालेले दुसरे जनुक आतड्याच्या अस्तरावर ‘एच’ बसवते आणि उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस तिथेच पकड घेतो. हे जनुक बंद असलेल्यांना त्याच्या नेहमीच्या प्रकारांची लागण सहसा होत नाही. युरोपात दर पाचांत सुमारे एकाचे ते बंद असते. कोविडच्या काळात ‘म्युटेशन’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो भीती घेऊनच, त्यामुळे ही बाजू मागे पडली. अर्थात प्रत्येक बदल उपयोगी म्हणूनच टिकतो असेही नाही. निरुपद्रवी बदल पिढ्यान्‌पिढ्या लपून राहतो आणि जवळच्या सोयरिकीत आई-वडील दोघांकडून एकाच मुलात येतो.

रक्तपेढीत रुग्णाच्या सीरममध्ये ‘ओ’च्या पेशी मिसळल्या की गुठळ्या होतात आणि संशय येतो. खात्रीसाठी नमुना परळच्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत पाठवता येतो. या रुग्णाला ‘बॉम्बे’ गटाचेच रक्त लागते. ते मुंबईहून मागवायचे तर अंतर जवळपास पाचशे किलोमीटर. म्हणून घरात एक ‘बॉम्बे’ सापडला, की सख्ख्या भावंडांची तपासणी लगेच करावी. प्रत्येकाचा गट तोच असण्याची शक्यता चारात एक असते.