मटण आधी गव्हाणीत शिजतं

संभाजीनगरच्या छावणीतल्या गुरुवारच्या बाजारात बोकडाचा भाव हाताने ठरतो. गिऱ्हाईक पाठीच्या मणक्यावर अंगठा दाबून मांस किती चढलंय ते बघतं, मांडी चाचपतं, ओठ वर करून दात पाहतं. दुधाचे दात असतील तर वर्षाच्या आतबाहेरचं, दोन दाती असेल तर त्याहून मोठं. मग घासाघीस, आणि नगावर सौदा. ही पारख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: याने खाल्लं काय?

मी पशुवैद्यक आहे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, नोकरी मराठवाड्यातल्या दवाखान्यांत केली आणि आता संभाजीनगरात राहते. आम्हाला जनावरांचा आहार एक विभाग शिकवायचा आणि मांस दुसरा, त्याचं नाव ‘पशुजन्य पदार्थ तंत्रज्ञान’. नोकरीत रोज शेळ्या तपासताना कळत गेलं, की हे दोन विषय मुळात एकच आहेत. ताटातल्या मटणाचा मऊपणा, रंग, वास आणि टिकाऊपणा यांतलं बरंचसं जनावराच्या चाऱ्यावर आणि त्याच्या शेवटच्या दिवसावर ठरतं. मसाला नंतर येतो.

या शहराला हे सांगायला हवं, कारण मटण इथल्या इतिहासातच आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, त्याच्या लष्कराबरोबर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, इथे आला, असं इथले लोक सांगतात. खलिया कुणाचा चांगला यावर इथे तासन्‌तास वाद रंगतात. त्या वादात बोकडाच्या गव्हाणीचा विषयही यायला हवा.

आईच्या पोटापासून

करडाच्या मांडीत स्नायूंचे तंतू किती असतील, हे जन्माआधीच ठरतं. जन्मानंतर तंतू जाड होतात, लांबतात, पण त्यांची संख्या जवळपास वाढत नाही. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यातल्या मधल्या टप्प्यात आईची उपासमार झाली तर पिल्लाच्या वाट्याला तंतू कमी येतात, हे मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. असं पिल्लू पुढे खुराकावर ठेवलं तरी मांस कमी आणि चरबी जास्त धरतं.

आपली उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीभोर, काटक आणि जुळी देणारी. धाराशिव, तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मुलूख. जुळं झालं की घरात आनंद होतो, पण गाभण शेळीला तिघांपुरतं खायला मिळतं का, हे कुणी बघत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे मोठं काम आहे. पण जनुकाने कोकरं दोन होतात, ती जगतात आणि वाढतात आईच्या दुधावर, आणि दूध येतं चाऱ्यातून.

उपाशी वाढलेलं मटण चिवट का?

माघ सरला की मराठवाड्यातलं रान सुकतं आणि कडब्यावर भागवणं सुरू होतं. ज्वारीच्या शंभर किलो कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार किलो. शेळी चारा स्वतः पचवत नाही. तिच्या कोठीपोटातले कोट्यवधी जिवाणू तो पचवतात. चाऱ्यातली प्रथिनं सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेली, की हे जिवाणूच उपाशी पडतात. कडबा पोटात रेंगाळतो, पोट भरल्यासारखं राहतं आणि शेळी आणखी कमी खाते. बाहेरून पोट टम्म दिसतं, आत मात्र वाढ थांबलेली असते.

एका वर्षात तयार व्हावा असा बोकड मग दीड-दोन वर्षं घेतो. इथेच चिवटपणा येतो. स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेन कोवळ्या जनावरात शिजताना विरघळतं. वय वाढतं तसे त्याचे धागे एकमेकांत घट्ट गुंफले जातात आणि कुकरच्या शिट्ट्या वाढतात. म्हणजे वजन तेवढंच असलं, तरी भरल्या पोटाने वर्षात वाढलेला बोकड आणि खुरटत दोन वर्षांत वाढलेला बोकड यांचं मटण एक नसतं.

उपाय महागडा नाही. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांच्या वाळल्या पाल्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असतात. तुरीचं भुसकट शेळी आवडीने खाते. सोबत मूठभर सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि खनिज मिश्रण. कडब्याला यांतलं थोडं जरी जोडलं, तरी जिवाणू कामाला लागतात आणि तोच कडबा अंगी लागतो.

सुबाभूळ जपून द्यावी, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने हे झाड गावोगावी नेलं. पण सुबाभळीच्या पानांत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अति झालं तर केस गळतात, गळ्याची गाठ सुजते. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र ती खाऊनही ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने ताडलं, की गुपित त्यांच्या कोठीपोटातल्या जिवाणूंत आहे. १९८०च्या दशकात ते जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले गेले आणि तीही सुबाभूळ पचवू लागली. पुढे १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्स यांचंच नाव मिळालं.

चरबी, रंग आणि वास

मटणाचा रस्सा गार झाला की वर पांढरा थर धरतो, कोंबडीच्या रश्श्यावर तसा धरत नाही. कारण पुन्हा कोठीपोट. पाल्यातली चरबी मुळात पातळ, तेलासारखी असते. कोठीपोटातले जिवाणू तिच्यात हायड्रोजन घालून ती घट्ट करतात. कोंबडीच्या पोटात ही प्रक्रिया नाही, म्हणून ती जे तेल खाते ते बरंचसं तसंच तिच्या चरबीत उतरतं.

तरीही जिवाणूंच्या तावडीतून थोडी चरबी निसटते, आणि त्या थोड्यात चाऱ्याचा ठसा असतो. हिरवा पाला खाल्लेल्या जनावराच्या मांसात ओमेगा-३ जास्त, धान्यावर पोसलेल्यात ओमेगा-६ जास्त. हिरव्या चाऱ्यातून येणारं ई जीवनसत्त्वही मांसात साठतं. मांसाचा लाल रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा. हवेने ते तपकिरी पडतं. जनावरांच्या आहारात ई जीवनसत्त्व वाढवलं तर कापल्यानंतर मांसाचा लाल रंग जास्त काळ टिकतो, हे अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकाअखेर दाखवलं.

वासाचं कोडंही बरंचसं उलगडलं आहे. माजावरच्या बोकडाचा उग्र दर्प प्रामुख्याने एथिल-ऑक्टॅनोइक या चरबीच्या आम्लामुळे येतो. खच्ची केलेल्या बोकडात तो येत नाही, म्हणून जाणकार खस्सी मागतात. दुसरा वास कोवळ्या, प्रथिनांनी भरलेल्या हिरव्या चाऱ्याचा. न्यूझीलंडमध्ये क्लोव्हरवर चरलेल्या मेंढ्यांच्या मांसाला एक विशिष्ट वास येतो, तो स्कॅटोल या द्रव्याचा. तिथल्या संशोधकांना दिसलं, की चाऱ्यात टॅनिन असेल तर स्कॅटोल कमी तयार होतं. टॅनिन म्हणजे बाभळीच्या शेंगांत आणि बोरीच्या पाल्यात असतो तो तुरटपणा. माळावर बोरी-बाभळी ओरबाडणारी आपली शेळी रोज तेच खाते. टॅनिन काही प्रथिनांना कोठीपोटातून सुखरूप पुढे नेतं आणि रक्त शोषणाऱ्या जंतांनाही आवर घालतं. अति झालं तर मात्र पचन मंदावतं. मिश्र चराई ही शेळीची निवड आहे, आणि विज्ञान आता तिच्याच बाजूने बोलत आहे.

शेवटचा दिवस

वर्षभराची मेहनत एका दिवसात वाया जाऊ शकते. जिवंत स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. कापल्यावर तिचं लॅक्टिक आम्ल होतं आणि मांसाचा सामू (पीएच) सातच्या आसपासवरून साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. हे आम्ल मांस टिकवतं, त्याला रंग आणि चव देतं. बोकड उन्हात, टेम्पोत कोंबून, पाय बांधून, पाण्याविना आणला तर भीतीने आणि धडपडीने ती साखर आधीच संपते. मग आम्ल तयार व्हायला काही उरत नाही. सामू सहाच्या वर राहतो, मांस काळपट, चिकट दिसतं आणि लवकर नासतं. शेळी मुळात भित्री, त्यामुळे तिच्या मांसात हे वारंवार घडतं. ज्याला शेवटचे आठवडे बरा खुराक मिळाला, त्याच्याजवळ साखरेचा साठा जास्त असतो.

म्हणूनच २००१च्या कत्तलखाना नियमांत तपासणीनंतर जनावराला २४ तास विसावा देण्याची तरतूद आहे, आणि पशुवैद्याने तासाला १२ पेक्षा व दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असंही त्यांत म्हटलं आहे. हे नियम प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या कायद्याखाली झाले. मला त्यांत दयाही दिसते आणि मांसशास्त्रही. ज्या जनावराला शेवटपर्यंत सावली, पाणी आणि शांतता मिळते, त्याचं मटण चांगलं होतं. दया आणि चव इथे एका बाजूला आहेत, आणि ही गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते.

घरच्या स्वयंपाकघरासाठीही यात धडा आहे. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात. त्या अवस्थेत शिजवलेलं मटण चिवट लागतं. पुढे मांसातलीच कॅल्पेन ही विकरं तंतू सैल करत जातात. म्हणून रविवारचं मटण शक्य असेल तर शनिवारी आणावं, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवावं. आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकू नये. आखडण्याआधीच गोठलेलं मांस वितळताना आणखी आकसतं.

मोल कुणाला?

आता पुन्हा भावाकडे. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या एक कोटीहून अधिक होत्या. त्या सांभाळणारे बहुतेक अल्पभूधारक आणि भूमिहीन, आणि घरात चारा-पाण्याचं रोजचं काम बहुधा बाईचं. तिने शेवरी लावली, गाभण शेळीला पेंड घातली, बोकड वर्षात तयार केला, तरी बाजारात तिला नगाचाच भाव मिळतो. चांगल्या मटणाची किंमत आपण दुकानात मोजतो; ती ते मटण चांगलं करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. तिने मग शेवरी का लावावी?

हे बदलता येईल. बाजारात वजनकाटा असावा आणि जिवंत वजनावर सौदा व्हावा, ही पहिली पायरी. शहराजवळ पडेगावला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, परभणी-उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वय, चारा आणि वाहतूक यांची साधी नोंद असलेला बोकड वेगळ्या भावाने विकून दाखवण्याचा प्रयोग याच संस्थांच्या आधाराने, याच जिल्ह्यात करता येईल.

दुसरी पायरी ग्राहकाची. पुढच्या वेळी दुकानात उभं राहाल तेव्हा सीना की रान एवढंच सांगून थांबू नका. बोकड किती वयाचा, कुठल्या गावचा, चरलेला की बांधून पोसलेला, कधी कापला, हे विचारा. पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की खाटीक व्यापाऱ्याला विचारेल, व्यापारी गावात विचारेल. ज्या दिवशी हा प्रश्न गोठ्यापर्यंत पोहोचेल, त्या दिवशी तिथल्या मेहनतीला भाव मिळायला सुरुवात होईल.