नकाशावरची पाटी आणि तिच्यामागे दडलेली जिंजी

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले गेले. अकरा महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतला जिंजी. हे किल्ले वेबपानावर दाखवायचे तर हलता नकाशा हवा आणि उजवीकडे, नकाशावरच, माहितीची पाटी. काम सीएसएसचं आणि तसं छोटं. पण त्याबद्दलचे गैरसमज इतके घट्ट आहेत की माणसं त्यात दिवस घालवतात.

पहिला गैरसमज आकड्यांचा. पाटी नकाशाखाली गेली की झेड-इंडेक्स ९९९९ करून मोकळं व्हायचं! मुळात पाटीला पोझिशन दिलेली नसेल, तर साध्या मांडणीत हा आकडा वाचलाच जात नाही. दिलेली असेल तर एवढा मोठा आकडा लागत नाही. लीफलेट या नकाशा-लायब्ररीचंच घ्या. तिच्यात टाइल २०० वर, मार्कर ६०० वर, पॉपअप ७०० वर. म्हणजे पॉपअपच्या वर जायला ७०१ हवा, असं वाटतं. प्रत्यक्षात ४०१ पुरतो. कारण हे सगळे थर एका पेटीत आहेत आणि त्या पेटीचा स्वतःचा आकडा ४०० आहे. आतले आकडे फक्त आतल्या थरांची आपसातली उतरंड ठरवतात. झूमची बटणं मात्र पेटीबाहेर, १००० वर असतात. म्हणून ५०० ची पाटी पॉपअप झाकते आणि बटणं तिच्यावर डोकं काढतात. यावर नेमका उपाय असा: पाटी नकाशाच्या डिव्हबाहेर, त्याच्या शेजारी ठेवा आणि नकाशाच्या डिव्हला झेड-इंडेक्स ० द्या. सगळे थर, बटणांसकट, आत बंदिस्त होतात. मग पाटीला १ पुरे.

‘पारदर्शक थर आड येत नाही’ हा दुसरा. येतो. पाट्या मांडायला नकाशाभर पसरलेला रिकामा डिव्ह डोळ्यांना दिसत नाही, पण बोट त्यालाच लागतं आणि नकाशा जागचा हलत नाही. त्या डिव्हला पॉइंटर-इव्हेंट्स ‘नन’ करा, आतल्या पाटीला परत ‘ऑटो’.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे: पाटी ठेवली की नकाशा आपोआप बाजूला सरकून जागा देतो. नकाशाला पाटीचा पत्ताच नसतो. बाराही किल्ले मावतील असं फिटबाउंड्स सांगितलं की तो आपल्या पूर्ण रुंदीचा हिशेब धरतो आणि आग्नेयेकडची जिंजी नेमकी पाटीमागे जाते. वाचक अकराच किल्ले मोजतो. पाटी ३२० पिक्सेल रुंद असेल, तर फिटबाउंड्सला पॅडिंगबॉटमराइटमध्ये ३२० आणि ० द्या. जिंजी लगेच बाहेर येते. हे सीएसएसच्या हातात नाही, नकाशालाच सांगावं लागतं.

शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली, नकाशा कुणाचा हे सांगणारी बारीक ओळ ही सजावट आहे असं समजून पुष्कळजण ती झाकतात. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा २००४ पासून स्वयंसेवक घडवत आले आहेत आणि त्यांचा उल्लेख दिसेल असा ठेवणं ही परवान्याची अट आहे. पाटी उजवीकडेच हवी असेल, तर ती ओळ डाव्या कोपऱ्यात हलवा. झाकू मात्र नका.