कॅबिनेटच्या आत, भिंतीच्या आत

अकोल्याला ताईच्या घरी भाचीच्या टेबलाजवळ अनवाणी उभं राहायचं नाही, असा नियमच होऊन गेला होता. तिच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. सगळ्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिनं सुटे भाग निवडून नवा गेमिंग कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं आणि वहीतली यादी माझ्यापुढे ठेवली. पहिल्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्या ओळीत प्रोसेसर, मग रंगीत दिव्यांचे पंखे, आणि अगदी खाली ‘एसएमपीएस : जो बसेल तो’. मी विचारलं, मुंग्यांचं काय?

‘मामा, नवा आला की जाईल न ते आपोआप.’

जाणार नव्हतं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या १२ व्होल्टची करून देणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. फेजपासून पत्र्यापर्यंत एक आणि न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत एक. त्यांतून अगदी थोडा प्रवाह पत्र्यात उतरतो आणि तिसऱ्या पिनेतून जमिनीत जातो. ती तिसरी वाट बंद असेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह क्षीण असतो म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. याचा अर्थ एसएमपीएस ठीक होता, घराचं अर्थिंग गेलं होतं. स्पाइक गार्डसुद्धा जादा दाबातला बराचसा भाग अर्थिंगकडेच वळवतो, त्यामुळे त्या घरात तो अर्धाच काम करत होता. आणि खरी भीती पुढे होती: एखाद्या दिवशी एसएमपीएसच्या आतला फेज पत्र्याला टेकला असता, तर मग मुंग्यांवर भागलं नसतं.

इलेक्ट्रिशियननं मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट, फेज आणि अर्थिंगमध्ये काटा १४०च्या आसपास घुटमळत होता. अर्थिंग धड असतं तर दोन्ही आकडे जवळपास सारखे आले असते. मग शोध सुरू झाला तो खड्ड्याचा. घर बांधलं तेव्हा मीठ आणि कोळसा भरून केलेला खड्डा भाऊजींना नेमका आठवत होता. पुढे अंगणात फरशी घातली आणि तो तिच्याखाली गेला. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही, म्हणून पूर्वी मे महिन्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं जायचं. फरशीनंतर ते थांबलं, आणि खाली जाणारी तार गंजून तुटली होती. फरशीचा एक चौकोन उचलून नवं अर्थिंग केलं. सगळ्या कॉम्प्युटरच्या खर्चात ही रक्कम लहानच, पण माझ्या लेखी भागांच्या यादीतली ती पहिली ओळ.

मग आम्ही यादी उलटीकडून लिहायला घेतली. सुरुवात मॉनिटरपासून, कारण कार्डाला किती काम करावं लागणार हे पडदा ठरवतो. १९२० गुणिले १०८०च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, २५६० गुणिले १४४०च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार, आणि फोर-केवर जवळजवळ ८३ लाख. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ, शंभर, एकशे चव्वेचाळीस वेळा नव्यानं रंगवायचे असतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ हर्ट्झवर ६.९. भाची व्हॅलोरंट खेळते, जिथे कोपऱ्याआडून आलेला माणूस दहा मिलिसेकंद आधी दिसणं म्हणजे डाव हाती येणं. शिवाय कॉलेजच्या कामासाठी ती ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर वापरते. तिला वेग हवा होता आणि ठिपकेही. आम्ही १४४०चा, १४४ हर्ट्झच्या वरचा पडदा धरला आणि फोर-केचा नाद सोडला.

पडदा ठरला की कार्डाची निवड फार लांबत नाही. खाच एकच होती: मेमरी. एकाच नावाचं कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं, आरटीएक्स ५०६० टीआय असो की आरएक्स ९०६० एक्सटी. आजचे मोठे गेम १४४०वर ८ जीबी सहज भरून टाकतात, आणि मेमरी भरली की कार्ड कितीही ताकदीचं असलं तरी चित्र अडखळतं. ब्लेंडरमध्ये तर मोठं दृश्य कार्डाच्या मेमरीत मावणं हाच पहिला प्रश्न. आम्ही १६ जीबीचं एनव्हिडियाचं घेतलं, ब्लेंडरचं रेंडरिंग त्यावर चांगलं चालतं म्हणून. नुसते गेम खेळायचे असते तर मी तिला एएमडीचं घ्यायला सांगितलं असतं.

प्रोसेसर रायझनचा, सहा कोअरचा, ६५ वॉटचा. त्याबद्दल एवढंच सांगतो की प्रोसेसर निवडताना आपण खरं तर सॉकेट, म्हणजे बोर्डावरची तो बसायची जागा, निवडत असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ सालच्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२चा प्रोसेसर बसला. एएम५ला २०२७पर्यंत तरी साथ देऊ असं कंपनीनं जाहीर केलं आहे. इंटेलचं २०२१चं सॉकेट तीन पिढ्या चाललं आणि २०२४मध्ये बदललं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता यावा, ही सोय मला मोलाची वाटते.

रॅमनं मात्र आम्हाला रडवलं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिप इतक्या ओढून घेतल्या की २०२५च्या अखेरीस किमती भडकल्या. मायक्रॉननं तर त्या डिसेंबरात क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करण्याची घोषणा केली. भाची म्हणाली, सध्या १६ जीबीची एकच पट्टी घेऊ, दुसरी नंतर. पण एका पट्टीवर प्रोसेसरचा मेमरीकडे जाणारा रस्ता निम्माच उघडतो, आणि वेगवान गेममध्ये त्याची किंमत दिसते. दोन पट्ट्यांची जोडी हवीच. शेवटी १६-१६च्या दोन पट्ट्या घेतल्या आणि एसएसडी २ टीबीऐवजी १ टीबीची केली. बोर्डावर एसएसडीची दुसरी खाच रिकामी आहे, ती केव्हाही भरता येईल. आणखी एक गोष्ट: ६००० वेगाची रॅम बसवली म्हणजे ती ६०००वर चालते असं नाही. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो नावाचं कळसूत्र चालू करावं लागतं. ते न केल्यानं पैसे मोजून घेतलेला वेग वर्षानुवर्षं झोपून राहिलेले कॉम्प्युटर मी पाहिले आहेत.

आता ती शेवटची ओळ, ‘जो बसेल तो’. हिशेब साधा आहे. कार्ड १८० वॉट, प्रोसेसर भरात असताना ८८, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ. सव्वातीनशे वॉट. ६५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा एसएमपीएस यासाठी भरपूर झाला. पण डब्यावरच्या वॉटपेक्षा मी आधी लेबलवरची दुसरी ओळ वाचतो: इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे का? इथे मिळणाऱ्या बऱ्याच स्वस्त एसएमपीएसवर २०० ते २४० लिहिलेलं असतं. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावभर कूलर सुरू झाले की दाब १८०पर्यंत उतरतो, तेव्हा हाच फरक कामाला येतो. यूपीएसचंही तसंच. दुकानात ६०० म्हणून जो देतात तो ६०० व्हीए असतो, आणि त्याच्या मागच्या बाजूला बहुधा ३६० वॉट लिहिलेलं असतं. मॉनिटर धरून भाचीचा भार त्याच्या काठावर येत होता. आम्ही १००० व्हीएचा घेतला. वीज गेल्यावर गेम पुढे चालू राहावा म्हणून नव्हे, काम जपून ठेवून सावकाश बंद करायला पाच-सात मिनिटं मिळावीत म्हणून.

आणि उष्णता. परदेशातले चाचणीचे आकडे वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. हवेनं थंड होणारी वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. तिथे ७० अंशांवर चालणारं कार्ड मे महिन्यात अकोल्याच्या ४० अंशांच्या खोलीत तितक्याच कामाला ८८-९०च्या घरात जायला बघतं, आणि त्याआधीच स्वतःला वाचवायला वेग उतरवतं. म्हणून काचेच्या बंद तोंडाचं देखणं कॅबिनेट आम्ही बाजूला ठेवलं. समोर जाळी, जाळीमागे धुता येणारी गाळणी, दोन पंखे हवा आत घेणारे आणि एक बाहेर टाकणारा, असं घेतलं. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ शिरत नाही. कॉम्प्युटर कूलरच्या झोतात ठेवायचा मोह तिथे सगळ्यांना होतो. तो टाळायलाच हवा. त्या झोतात ओल असते, कधी तुषारही, आणि अकोल्याच्या पाण्यातला क्षार बोर्डावर बसतो. गेमला सेकंदाला १४४ चित्रांची मर्यादा घालून दिली आणि कार्डाची वीज थोडी कमी केली. खेळताना फरक जाणवला नाही, पंख्यांचा आवाज मात्र निम्म्यावर आला.

खरेदीला भाची मुंबईला आली. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात अजून तो जुना गव्हर्नर लॅमिंग्टनच. तीन दुकानांतून कोटेशन घेतलं, आणि आकडा कमी होता तिथे दरवेळी एसएमपीएसच्याच ओळीत कंपनीचं नाव गाळलेलं होतं. ‘बिलाशिवाय घेतलं तर इतके कमी करतो’ हेही ऐकलं. तिनं जीएसटीचं बिल घेतलं, प्रत्येक भागाचा सिरियल नंबर त्यावर लिहून घेतला. कार्ड बिघडलं तर ते अकोल्याहून पाठवायचं आहे, आणि तेव्हा हाच कागद विचारतात.

कॉम्प्युटर सुरू झाला, पत्रा शांत होता, गेम लोण्यासारखा चालला. आणि दुसऱ्याच रात्री फोन आला, ‘मामा, पिंग काहून नाचून राहिला?’

पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अकोल्याहून सहाशे किलोमीटर जाऊन परत यायला सहा मिलिसेकंद पुरतात. मधली यंत्रं धरून वीस. तिला कधी २०, कधी १४० दिसत होते. मी तिला दोन खिडक्या उघडायला सांगितल्या: एकीत घरच्या राउटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या पत्त्याला. राउटरचाच आकडा १वरून ९०वर उड्या मारत होता. दुखणं घरात होतं. राउटर हॉलमध्ये दाराशी, कारण केबलवाल्यानं वायर तिथवर आणली. भाचीची खोली वर, मध्ये सळयांचा स्लॅब. वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. त्यात शेजारच्या चार घरांचे राउटर त्याच चॅनलवर.

उपाय वायरच. जुन्या टीव्ही केबलचा पाइप भिंतीतून वर गेलेला होता, त्यातून कॅट-६ ओढली. विजेच्या वायरींच्या पाइपातून ती नेऊ नये. वायर शुद्ध तांब्याची आहे हे टोक खरवडून पाहिलं. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर भरपूर मिळते, ती दोनदा वाकवली की आतून तुटते. जोडल्यावर कॉम्प्युटरनं वेग दाखवला १००, हवे होते १०००. शंभरला आठातल्या चारच तारा लागतात, हजाराला आठही. म्हणजे एखादी तार प्लगमध्ये नीट बसली नव्हती. टोक कापून रंगांच्या क्रमानं पुन्हा क्रिंप केलं, तपकिरी तार यावेळी शेवटपर्यंत सरकली.

तरी रोज रात्री साडेनऊला पिंग चढायचाच. त्या वेळी ताईचा मोबाइल दिवसभराचे फोटो वर चढवत असतो. राउटर पाठवायचं सगळं एका लांब रांगेत उभं करतो आणि गेमचं इवलंसं पाकीट फोटोंच्या मागे अडकतं. या रोगाला बफरब्लोट हे नाव जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये कोडेल नावाची रांग सांभाळण्याची रीत मांडली आणि ती आज अनेक राउटरांत मिळते. केबलवाल्याच्या यंत्रात ती नव्हती. त्याच्यामागे तसा एक साधा राउटर लावला, अपलोडचा वेग प्रत्यक्षापेक्षा दहा टक्के कमी भरला, म्हणजे रांग आपल्या ताब्यात राहते. योजना १०० एमबीपीएसचीच ठेवली. त्यात १०० जीबीचा गेम उतरायला सव्वादोन तास लागतात, रात्री लावून झोपायचं. खेळायला तर त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही.

परवा तिनं फोटो पाठवला. पडद्याच्या कोपऱ्यात पिंग १९, खाली ताईचे फोटो चढत असलेले. आणि त्याच्यामागे दुसरा फोटो, अंगणातल्या उचललेल्या चौकोनाचा, कडेला पाण्याची बादली. मे लागला होता.