मर्दाचाही एक ‘बडी’ असतो

लखनौच्या सरोजिनी नगरमध्ये देशातली पहिली सैनिकी शाळा आहे, १९६० सालची. आपली साताऱ्याची शाळा त्यानंतरच्या वर्षीची. १९९९ साली कारगिलच्या लढाईत खालुबारवर धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते कॅप्टन मनोजकुमार पांडे सरोजिनी नगरच्या शाळेचेच विद्यार्थी. आज शाळेला त्यांचे नाव आहे. २०१८ पासून तिथे मुलीही शिकतात.

अशा शाळेत मुलाला घालताना बरेच वडील म्हणतात, ‘पोरगा मर्द होईल.’ त्यांच्या मनातला मर्द कधी रडत नाही, सगळे एकट्याने निभावतो. फौजेत आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, फौज असे शिकवत नाही. तिथे जवानाला एक ‘बडी’ असतो, म्हणजे जोडीदार. पाय सुजला, घरून वाईट बातमी आली, झोप उडाली, की ते आधी बडीला कळते. गरज पडली तर तो वर कळवतो. दुखणे लपवणारा जवान साऱ्या तुकडीला गोत्यात आणतो.

घरी मात्र उलटे. हप्ते थकले, नोकरी गेली, लग्न जमेना, तरी पुरुषाने ‘काही नाही’ म्हणायचे. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली; त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. दहांत सात.

तेव्हा आपला बडी कोण, ते आजच ठरवा. बायको, भाऊ, मित्र, कोणीही चालेल. कोणीच नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. पैसे पडत नाहीत. जय हिंद.